नानांचा ज्वालामुखी

निघताना नानांनी माझ्या भाच्याला ज्वालामुखी दाखवायचं कबूल केलं होतं. नाना म्हणजे मावशीचे यजमान. आयुष्यभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून ते नातेवाइकांना शिकवतात. पुणे, नारायणगाव, जुन्नर, नाणेघाट आणि मग राजूरवरून भंडारदरा, असा ऐन श्रावणातला बेत. त्यात मिसळीचे, चहाचे आणि भज्यांचे थांबे मावशीने आधीच नक्की केलेले. दगडांचे थांबे नानांनी कोणाला न सांगता नक्की केलेले.

पहिला दगड मिसळीच्या आधीच आला. एका वळणावर नाना "थांब, थांब!" म्हणून ओरडले. मला वाटलं, गाडीखाली कुत्रं आलं. तोवर नाना उतरून रस्त्यासाठी कापलेल्या कातळाला नाक लावून उभे. दोन काळ्या थरांमध्ये खरोखरच विटकरी रंगाचा पट्टा दबलेला होता. एक लाव्हा वाहून थंड झाला, उन्हापावसात त्याची वरची कातडी झिजून माती झाली आणि मग तिच्यावर दुसरा लाव्हा येऊन बसला. खालच्या थरात वायूच्या बुडबुड्यांची भोकं होती, काहींत पांढरे स्फटिक भरलेले. एका टेम्पोवाल्याने काच खाली केली. "काय काका, केव्हाची बंद पडलीय?"

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वी," नाना मान न वळवता म्हणाले.

टेम्पो जरा वेगानेच गेला.

भाच्याचं म्हणणं एवढंच की ज्वालामुखी कुठाय? त्याच्या पुस्तकातल्या डोंगराला टोक होतं, टोकाला धूर होता. नानांनी समजावलं, की आपल्याकडे लाव्हा असा एका तोंडातून उसळला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून तो उतू गेला आणि थरावर थर साचत गेले. सह्याद्रीच्या अंगावर त्या पायऱ्या दिसतात ना, ते हे थर. "म्हणजे तू आत्ता लाव्ह्यावरच उभा आहेस!" पोराने मोठ्या आशेने पायाखाली पाहिलं. तिथे शेण होतं.

नाणेघाटात मात्र नानांचं कोणी ऐकेना, कारण तिथे बघायलाच इतकं होतं. कातळात कोरलेली सातवाहनांची गुहा, तिच्या भिंतीवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आणि त्यात यज्ञांमध्ये दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं यांचे आकडे. देवळाला पंखा देऊन पंख्याच्या पात्यावर नाव घालणाऱ्यांना आपण उगीच हसतो. परंपरा दोन हजार वर्षांची आहे. वर एक भलामोठा दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. फास्टॅग नव्हता, तरी गाढवांच्या तांड्याला सुट्टे काढायला लागत असणारच.

शेजारच्या सुळक्याचं नाव 'नानाचा अंगठा'. मग काय, नानांना त्याच्यासमोर उभं करून अंगठा वर करायला लावला. नेमका तेव्हाच कोकणातून वारा उसळला. पावसाळ्यात इथे कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्यासरशी उलटं वर येतं. ते आलं. मावशीची छत्री आम्हाला न विचारता परस्पर जुन्नरच्या दिशेने परत निघाली. नाना कातळकडे असे ताठ उभे का राहतात ते सांगत होते. दर वाक्याला तोंडात घोटभर पाणी जात होतं, पण व्याख्यान पूर्ण झालं.

पुढे भंडारदऱ्यापर्यंत धुकं. नानांनी एका ठिकाणी बोट दाखवलं: कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. सगळ्यांनी ढगाचे फोटो काढले.

धरणाजवळच्या टपरीवर अखेर भजी आली. सोबत मिरचीचा ठेचा. मावशीने पदराने कपाळ पुसलं आणि दिवसभरातला पहिला शास्त्रीय प्रश्न विचारला.

"अहो, हा कातळ म्हणजे आपल्या पाट्याचाच दगड ना?"

"तोच! बेसाल्ट!" नाना खूश झाले.

"मग घरीच दाखवायचा होता की पोराला."

"पाट्यावर लाल पट्टा कुठे दिसतो?"

"मिरची वाटली की दिसतो," मावशी म्हणाली आणि ठेच्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.