हनोईतले मानद सेक्रेटरी

सोसायटीचं दप्तर कोणी हौसेनं घेत नाही. वार्षिक सभेत कमिटीचा विषय निघाला की सगळे खाली मान घालून बटाटावडा संपवू लागतात आणि ज्याची नजर चुकून वर होते त्याच्या गळ्यात सेक्रेटरीपद पडतं. पण डोंबिवलीत एक जमात अशीही आहे, जी मान वर करूनच बसलेली असते. आमचे नाना त्या जमातीतले. टिळकनगरातल्या आमच्या तळमजला अधिक तीनच्या इमारतीत नाना घरी नसले, तर लोक खालून वहिनींनाच हाक मारतात, "सेक्रेटरीबाई, पाणी सोडा!" मी त्यांचा खजिनदार आहे. म्हणजे ते बोट ठेवतील तिथे सही करतो.

नाना फिरायला जात नाहीत, कार्यभार सोपवून जातात. पंपाची किल्ली, टँकरवाल्याचा नंबर आणि 'गच्चीचं कुलूप दोनदा ओढून बघणे' अशी लेखी सूचना दुसऱ्या मजल्यावर पोचवून, त्यावर सही घेऊन मगच ते विमानतळाकडे निघाले. व्हिएतनामची ही सहल त्यांच्या मुलाची कल्पना. तो ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहतो. तिथे सगळा कारभार एक कंपनी बघते, आणि वडिलांना तिथे करण्यासारखं काहीच नसल्यानं ते अर्ध्या दिवसात परत येतात. त्यानं आम्हा दोन्ही जोडप्यांसाठी हनोईच्या जुन्या भागात एक छोटं, नटवलेलं बुटिक हॉटेल ठरवलं. 'बाबा, मोठ्या हॉटेलात तुम्हाला परकं वाटेल,' असं तो म्हणाला होता. पुढे जे झालं त्याचं मूळ या वाक्यात आहे.

जुनं हनोई म्हणजे छत्तीस गल्ल्यांचं गाव. एकेका धंद्याची एकेक गल्ली. हांग बाक चांदीवाल्यांची, हांग गाइ रेशीमवाल्यांची, हांग मा कागदी सामानवाल्यांची. घरं रस्त्यावर जेमतेम दहा-बारा फुटांची, पण आत जाल तितकी लांब. पूर्वी कर दर्शनी रुंदीवर बसायचा म्हणून लोकांनी घरं अशी नळीसारखी बांधली, असं तिथे सांगतात. आमचं हॉटेल अशाच एका घराच्या जागी उभं होतं. करासाठी माणूस घराचा आकार बदलतो हे ऐकून नाना गंभीर झाले. आपण 'बी' विंगच्या लोकांना बाल्कनी आत घेतल्याबद्दल इतकी वर्षं नोटिसा पाठवतोय ते योग्य की अयोग्य, असा विचार बहुधा चालला असावा. मग म्हणाले, "ते काही नाही. परवानगी घ्यायला हवीच."

काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट मागून घेतले, कारण तिथे प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते. मला वाटलं, आता वाद होणार. नाना उलट गहिवरले. "बघा! भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन करा म्हणून मी घसा फोडतो. आपल्याकडे कोण करतं? इथे ही एवढीशी पोर करते." त्यांनी तिला "शाब्बास, बाळ" म्हटलं आणि चार पासपोर्टांची पावती मागितली. तिनं पुढे केलेलं गवती चहाचं थंड सरबत पावती मिळेपर्यंत त्यांनी घेतलं नाही.

खोलीत पलंगावर टॉवेलचे दोन हंस माना जुळवून बसले होते आणि भोवती गुलाबाच्या पाकळ्या. वहिनी लाजल्या. नानांनी पाकळ्या वर्तमानपत्रात गोळा केल्या आणि खाली जाऊन निर्माल्य कुठे टाकायचं ते विचारलं. निर्माल्य कलश ही वस्तू इंग्रजीत समजावताना त्यांचे बरेच हातवारे झाले असावेत, कारण त्या मुलीनं शेवटी त्यांना प्रवेशद्वाराशी जमिनीवर मांडलेल्या छोट्या देव्हाऱ्यापाशी नेलं. तिथे एक ढेरपोट्या, हसरा भूमीचा देव आणि शेजारी धनाचा देव, समोर केळी, पाण्याचे पेले, उदबत्ती. तिकडच्या दुकानांत आणि हॉटेलांत असे देव्हारे सर्रास दिसतात. नानांनी चपला काढून नमस्कार केला. पोटावरून ओळखीचा वाटला असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाना खोलीत नव्हते. ते गच्चीवर सापडले. हनोईच्या गच्च्यांवर स्टीलच्या चकचकीत आडव्या टाक्या असतात. आपल्या काळ्या सिंटेक्स पाहून आयुष्य काढलेल्या माणसाला ते दृश्य देवळाच्या कळसासारखं वाटलं तर नवल नाही. नाना टाकीवर बोटांची टिचकी मारून पाण्याची पातळी अजमावत होते. मागे हॉटेलचा तरुण मॅनेजर झोपेतच उभा. "टाकी वर्षातून किती वेळा धुता?" तो "येस सर" म्हणाला. "येस हे उत्तर नव्हे. तारीख?"

त्या टिचकीतूनच पुढचं सगळं उद्भवलं. वरच्या मजल्यांवर सकाळी गरम पाणी नीट पोचत नाही, हे नानांनी शोधून काढलं होतं. हॉटेलात बारा खोल्या. "बारा म्हणजे नोंदणीला पुरतात," ते मला म्हणाले, आणि माझ्या पोटात गोळा आला. नाश्त्याच्या वेळी त्यांनी सभा बोलावली. ठरल्या वेळी आम्ही चौघं आणि एक झोपाळू डच गृहस्थ एवढेच हजर होतो. नानांनी घड्याळ पाहून जाहीर केलं, "कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब. त्यानंतर याच जागी होईल, तेव्हा कोरमची गरज नाही." आदर्श उपविधीत तसं आहेच. त्या अर्ध्या तासात त्यांनी दोन केळी खाल्ली आणि डच गृहस्थांना, लिफ्ट न वापरणाऱ्या तळमजल्यालाही लिफ्टचा खर्च समान का द्यावा लागतो, ते समजावलं. गृहस्थ आधी हसत होते. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. हे मी स्वतः पाहिलं आहे: डोंबिवलीत या मुद्द्यावर तळमजल्याचे लोक आजही सही करत नाहीत, आणि युरोपचा माणूस दहा मिनिटांत पटून बसला.

मग बाकीचे जमले. पाळ्या ठरल्या. सहा ते सात वरचे मजले, सात ते आठ खालचे. सूचक ऑस्ट्रेलिया, अनुमोदक फ्रान्स. ठराव सर्वानुमते मंजूर. नानांनी हॉटेलच्या लेटरहेडवर इतिवृत्त लिहिलं आणि लिफ्टशेजारी सहलींच्या जाहिरातींवर चिकटवलं. त्याच कागदावर खाली, 'कॉमन पॅसेजमध्ये ओले बूट ठेवू नयेत. काइंडली डू द नीडफुल.' दुसऱ्या सकाळी पॅसेजमध्ये एकही बूट नव्हता आणि वरच्या मजल्यावर कढत पाणी होतं.

आम्ही शहरही पाहिलं, नाही असं नाही. होआन किएम तळ्याला फेरी मारताना नानांना ठाण्याची तलावपाळी आठवली आणि तिथली बोटिंगची भांडणंही. ज्या गल्लीत घरांना चिकटून रेल्वे जाते आणि जगभरचे लोक तिचे फोटो काढायला येतात, तिथे ते पाच मिनिटं थांबले. रूळ मीटरगेजचे, गाडीचा पत्ता नाही. "ठाकुर्लीला या म्हणावं," एवढंच बोलून वळले. अंड्याची कॉफी मात्र त्यांनी आदरानं प्यायली. 1946 साली दुधाचा तुटवडा होता, तेव्हा हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलातल्या न्युएन वान ज्यांग या बारमननं अंड्याचा बलक फेटून ती शोधली, हे कळल्यावर त्यांनी दुसरा कप मागवला. टंचाईत मार्ग काढणाऱ्या माणसापुढे नाना नेहमीच नम्र असतात.

बिलावर मात्र ते थकले. रुपयाला जवळपास तीनशे डाँग. धोब्याचं बिलसुद्धा लाखात. सिंकिंग फंडाच्या लाखांचे हिशेब बिनचूक ठेवणारे नाना शून्यं मोजताना दोनदा चुकले आणि हा कागद त्यांनी निमूट खजिनदाराकडे, म्हणजे माझ्याकडे, सरकवला.

निघायच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं अभिप्रायाचं कार्ड दिलं, पाच हसऱ्या चेहऱ्यांपैकी एकावर खूण करायचं. नानांनी दोन जादा कागद मागून घेतले. टाकी धुण्याचं वेळापत्रक, लिफ्टमध्ये परवान्याची प्रत, आगीच्या वेळी एकाच जिन्यावर विसंबण्यातला धोका, आणि शेवटी 'कर्मचारीवर्ग अत्यंत विनयशील आहे, त्यांचा पगार वाढवण्याचा विचार व्हावा.' सगळं दोन प्रतींत. वहिनी केव्हाच टॅक्सीत जाऊन बसल्या होत्या आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्या मुलीनं दुसऱ्या प्रतीवर हॉटेलचा शिक्का मारला आणि हात जोडले.

नाना हलले नाहीत. शिक्क्याखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "बाळ, डेट."