विषय : गादीच्या पोटात काय आहे ते कळणेबाबत

प्रति,
माननीय विक्रेते साहेब,
कोपऱ्यावरचे गाद्यांचे शोरूम.

महोदय,

गेल्या रविवारी मी सहकुटुंब आपल्याकडे येऊन गेलो. आमच्या सोळा वर्षांच्या गादीला आपण न बघताच नावे ठेवलीत, त्याचा राग नाही. ती मधोमध पन्हळीसारखी झाली आहे आणि रात्री आम्ही दोघे न भांडताही एकमेकांच्या अंगावर घरंगळतो. आपण दाखवलेली गादी बेचाळीस हजारांची, पण आमच्यासाठी एकवीस. ही कृपा फक्त त्या दिवसापुरती होती. गुढीपाडव्यालाही शेवटचाच दिवस होता, गणपतीतही तोच. ‘आज शेवटचा दिवस’ या पाटीचा रंग उडत चालला आहे, तेवढी रंगवून घ्यावी.

मी भीत भीत विचारले, ‘‘आत काय आहे?’’ आपण म्हणालात, ‘‘सर, ऑर्थो आहे.’’

ऑर्थो हा पदार्थ आहे की पदवी, हे मला घरी येईपर्यंत उमगले नाही. मग चौकशी केली. कळले की आपल्याकडच्या बऱ्याच ऑर्थो गाद्यांत रीबॉन्डेड फोम असतो, म्हणजे फोमची कात्रणे दाबून, चिकटवून केलेला रंगीबेरंगी थर. तो वाईट नसतो, टिकतोही. पण ‘कात्रणे आहेत’ म्हटल्यावर बेचाळीस हजार म्हणताना जीभ अडखळते, हे मी समजू शकतो.

‘‘पाठीला कडकच चांगली,’’ हेही आपण ठासून सांगितलेत. 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधली एक चाचणी छापून आली होती. कंबरदुखीची जुनी तक्रार असलेल्या 313 जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी दिली आणि 90 दिवसांनी पाहिले. बरे वाटले ते मध्यम कडकवाल्यांना अधिक. ते डॉक्टर आपल्या शोरूममध्ये आले नव्हते, म्हणून चुकले असतील.

मेमरी फोमबद्दल आपण सांगितलेत की अंतराळवीर यावरच झोपतात. 1966 च्या सुमारास नासाच्या कामातून तो निघाला खरा, पण विमानाच्या आसनांसाठी. वर अवकाशात माणूस तरंगतो. तिथे भिंतीला बांधलेल्या झोळीत शिरून झोपतात. तो फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि ती ऊब धरूनही ठेवतो. अंतराळवीरांचे माहीत नाही, आमच्या बेडरूमला पश्चिमेची भिंत आहे आणि मे महिना दरवर्षी येतो.

साहेब, लहानपणी आमच्या आळीत पिंजारी यायचा. अंगणात जुनी गादी उसवायची, गोळे झालेला कापूस बाहेर काढायचा, धनुकलीची तार टणटणायला लागली की अख्खी आळी शिंकायची. आजी तागडी घेऊन पायरीवर बसे. किती शेर कापूस निघाला, नवा किती घातला, सगळे तिच्या डोळ्यांसमोर. पिंजाऱ्याला एक इंग्रजी शब्द येत नव्हता, पण गादीत काय आहे हे सांगायला त्याला लागतही नव्हता. गादी पुन्हा शिवून होईपर्यंत आजी जेवायलासुद्धा उठत नसे.

मी त्याच आजीचा नातू. म्हणून हिशेब मांडला. फोमची घनता किलोत मोजतात, एका घनमीटरमागे इतके किलो. 78 बाय 60 इंचांची, 6 इंच जाडीची नुसत्या फोमची गादी म्हणजे साधारण 0.46 घनमीटर. चाळीसच्या घनतेचा फोम असेल तर ती अठरा किलोंच्या आसपास भरायला हवी. पंचवीसचा असेल तर साडेअकरा. हाताने दाबून हा फरक कळत नाही, कारण कडकपणा वेगळा आणि घनता वेगळी. पहिल्या वर्षी दोन्ही गाद्या सारख्याच गोड बोलतात. पुढे पन्हळ पडते ती हलकीला. तेव्हा आपल्याकडे वजनकाटा असेल तर बाहेर काढून ठेवावा. नसेल तर मी रद्दीवाल्याचा आणतो.

दहा वर्षांच्या हमीचा कागदही घरी वाचला. खड्डा एक इंचाहून खोल पडला तरच तक्रार घेणार आणि गादीवर डाग असल्यास हमी रद्द. आमच्या घरी दीड वर्षाचा नातू आहे. हमी पहिल्या आठवड्यातच संपेल असा अंदाज आहे.

राहता राहिली झोपून बघण्याची बाब. आपण मला दीड मिनिट उताणे झोपवलेत. आपण, आपले दोन सहकारी आणि सोफा घ्यायला आलेले एक कुटुंब सभोवती उभे होते. कुणी हार आणला नाही इतकेच. मी उताणा झोपत नाही. कुशीवर झोपतो, आणि खांदा किती रुततो, कंबर किती अधांतरी राहते हे कळायला पंधरा मिनिटे तरी लागतात. शेजारी सौ. हवीत, कारण त्या कूस बदलतात तेव्हा मला किती हादरा बसतो तेही बघायचे आहे. घरातली उशीही हवी. आपल्या उशा गादीहून चांगल्या आहेत, हे लक्षात आले.

येत्या रविवारी साडेदहाला आम्ही दोघे येत आहोत. उशा आणि पलंगाचे आतून घेतलेले माप सोबत असेल, मोजे धुतलेले असतील. आपण फक्त खोळीची चेन उघडून आतले थर दाखवावेत, आणि त्यांची जाडी व घनता बिलावर लिहून द्यावी. चेन नसेल तर तसे आधीच कळवावे, म्हणजे आम्ही पुढच्या दुकानात जाऊ.

कळावे,
आपला,
पन्हळीतला एक ग्राहक