मोर्णाकाठचे कप्तान

अकोल्याच्या जुन्या शहरात जयहिंद चौकाच्या आसपास ओट्यावर बसलेल्या कोणालाही विचारा, "कप्तान कुठी राह्यते?" शेंबडं पोरगंही हात करून घर दाखवील. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथंच सुखात आहे. सारी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनी. अंगात बंडी, पायात स्लीपर आणि डोक्यावर नांगराचं चित्र असलेली निळी-पांढरी टोपी. ही टोपी क्रोएशियातल्या स्प्लितच्या बंदरावर १२ युरोला घेतलेली. कप्तान, म्हणजे आमचे भाऊ, युरोचे रुपये करून थांबत नाहीत, पुढे रुपयांची तुरीची डाळ करतात. "दहा किलो डाळ हाय हे," टोपीवर टिचकी मारून ते म्हणतात, "डोक्यावर घेऊन फिरून रायलो मी."

एकदाच जाऊन आलेला माणूस प्रत्येक गल्लीत असतो. दर वर्षी जाणारे लोक काही बोलत नाहीत, बॅगा टाकतात आणि झोपतात. एकदाच गेलेल्याचं तसं नसतं. त्याच्याशी भाजीच्या भावावर बोला, नाहीतर सूनबाईच्या नोकरीवर. पाचव्या वाक्याला तो तुम्हाला तिकडे नेऊन पोचवतो. आमच्या गल्लीत बाकीचे न्यू जर्सी किंवा चारधामला पोचवतात, कप्तान आद्रियातिक समुद्रात.

झालं असं की, म्युनिकच्या जावयानं २०२३च्या उन्हाळ्यात सासू-सासऱ्यांना लाकडी बोटीवर आठवडाभर फिरवून आणलं. गुलेट म्हणतात त्या बोटीला. दोन डोलकाठ्या, खाली झोपायच्या खोल्या, वर गाद्या टाकलेला डेक. शनिवारी चढायचं, पुढच्या शनिवारी उतरायचं. स्प्लितहून निघून ब्राच, ह्वार, विस, कोर्चुला अशी बेटं करत परत. भाऊंनी त्याआधी समुद्र पाहिलेला तो जुहूला, तोही कोणाच्या तरी लग्नाला गेले असताना, घोट्यापर्यंत. पोहणं येत नाही ते नाहीच.

गोष्ट नेहमी एकाच वाक्यानं सुरू होते. "शनिवार होता. वारा ईशान्येचा. कप्तान मले म्हणे, शीड सोडू का?"

आतून, तव्यावरची भाकरी उलटवत, काकूंचा आवाज येतो. "कायचं शीड वो? एंजिन चालू होतं. तुमी तं बालदीत डोकं घालून बसले होते."

दोन्ही खरं आहे. या बोटी बहुतेक वेळ एंजिनावरच चालतात, वारा मनासारखा मिळाला तर तासभर शीड उघडतात. मुलीनं त्या तासाचा व्हिडिओ काढून ठेवला आहे, आणि भाऊंच्या सांगण्यात तो तास आता आठवडाभर पुरतो. उलट्यांचा दिवस मात्र आपसूक गळून गेला आहे. इतिहास सगळीकडे असाच लिहितात, त्यासाठी एकट्या भाऊंना का धरायचं?

तिथल्या वाऱ्यांना नावं आहेत. डोंगरावरून थंड सुटते ती बुरा, दक्षिणेकडून ओल घेऊन येतो तो युगो, आणि उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा गोड वारा म्हणजे मायस्त्राल. हे तीन शब्द भाऊंनी अकोल्यात आणून रुजवले. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर बालदीभर पाणी मारलं आणि पहिला गार झोत अंगावर आला, की ते डोळे मिटून म्हणतात, "मायस्त्राल." आता गल्लीतली पोरंही म्हणतात. वीज गेली की "युगो गेला बे" अशी आरोळी उठते. चूक आहे, पण कोण दुरुस्त करणार?

गल्लीत ऑटो मागे घेणाऱ्याला ते "सुकाणू डावीकडं" म्हणून ओरडतात. दगडी पुलावर थांबून मोर्णेकडं असं पाहतात की वाटावं, आत्ता जहाज लागेल. मोर्णेत लागते ती जलकुंभी. २०१८च्या जानेवारीत शहरानं नदी साफ करायची मोहीम काढली तेव्हा भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले होते. जलकुंभीचा भारा हातात धरलेला तो फोटो त्यांनी अल्बममध्ये ह्वारच्या फोटोशेजारीच लावला आहे. खाली लिहिलंय, 'सागरी जीवनाचा आरंभ'.

एवढ्यावर तुम्ही त्यांना हसून मोकळे व्हाल. पण पाण्याची गोष्ट निघाली की मी गप्प बसून ऐकतो, कारण तिथं भाऊ खरंच कप्तान आहेत.

गुलेटवर गोड्या पाण्याची टाकी बेताची. पहिल्याच दिवशी बोटीवाल्यानं सांगितलं होतं, अंघोळ आटोपती घ्या. सोबत जावयाचे तिकडचे मित्र, त्यांची बायका-पोरं. समुद्रात डुंबून आले की प्रत्येक जण पंधरा मिनिटं फवाऱ्याखाली. तिसऱ्या दिवशी टाकी तळाला गेली आणि पुढचं बंदर संध्याकाळी. बोटीवर अवकळा आली. तेव्हा भाऊ खोलीतून प्लॅस्टिकचा मग घेऊन वर आले. हा मग अकोल्याहून नेलेला, काकूंचा विरोध मोडून. त्यांनी डेकवर सगळ्यांना उभं केलं आणि तीन मगांत अंघोळ कशी होते ते करून दाखवलं. पहिला ओलं व्हायला, दुसरा साबण काढायला, तिसरा "मनाच्या समाधानासाठी". भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी डेकला. स्वयंपाक्याच्या हातातून त्यांनी वाहता नळ स्वतः बंद केला. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात ज्यानं गुंड, ड्रम आणि टाकं यांचा हिशोब सांभाळत जन्म काढला, त्याला ही टाकी म्हणजे पोरखेळ होता. त्या आठवड्यात पुन्हा पाणी संपलं नाही. बोटीवाल्यानं शेवटी मग मागून घेतला. याला काकूंचाही दुजोरा आहे.

त्या बोटीवाल्याशी भाऊंची मग गट्टीच जमली. मुलगी दुभाषी. बेटांवर पूर्वी पावसाचं पाणी हौदात साठवत, हे ऐकून भाऊंनी मान डोलावली. आता ब्राच आणि ह्वारला मुख्य भूमीवरच्या त्सेतिना नदीचं पाणी समुद्राखालून टाकलेल्या नळानं येतं, हे ऐकल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. "समुद्राखालून!" ते आजही म्हणतात. "अन् आपल्या चौऱ्याऐंशी खेडी योजनेचा पाइप जमिनीवरून नेता नेता किती पिढ्या गेल्या, पाय ना बावा." विस बेटाला तर स्वतःच्या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भाऊंचं आजोळ पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. "चारी बाजूंनं समुद्र, अन् विहिरीत गोडं पाणी. माह्या मामाच्या गावाले समुद्र पाचशे किलोमीटरवर, अन् विहिरीत पाह्य तं समुद्र!"

मग त्यांनी बोटीवाल्याला आपल्या कावडीचं सांगितलं. श्रावणात पोरं गांधीग्रामला जातात, पूर्णेचं पाणी भरतात, रात्रभर खांद्यावर वाहत अनवाणी येतात आणि राजराजेश्वराला घालतात. तो गृहस्थ गंभीरपणे ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "अजून पाइप नाही का टाकला?" मुलीला हसू आवरेना. भाऊंनी मात्र खात्यातल्या माणसासारखं उत्तर दिलं, "देवासाठी टाकत नाही. माणसांसाठी प्रस्ताव आहे."

विसजवळ बिशेवो बेटावर निळी गुहा आहे. छोट्या नावेत बसून, मान खाली घालून आत जायचं. पाण्याखालच्या फटीतून ऊन शिरतं आणि सगळी गुहा निळी होते. लोक तिथं रंग पाहतात. भाऊंनी विचारलं, हे तोंड मूळचं एवढं आहे का? नाही, १८८४ साली सुरुंग लावून मोठं केलं. "काम पूर्ण झालं, हे विशेष," असा शेरा मारून ते बाहेर आले. रंग कसा होता ते काकूंना विचारा. त्या एकच वाक्य बोलतात, "तसं निळं म्या लुगड्यातबी नाही पायलं," आणि भाकरीकडं वळतात. भाऊंच्या तासभर कथेपेक्षा मला त्या वाक्यात जास्त समुद्र दिसतो, पण हे त्यांना सांगायची सोय नाही.

खाण्याचे हाल झाले का? मुळीच नाही. सोबत कच्चा चिवडा, जवसाची चटणी आणि ठेचा होता. ठेच्याचं एक बोट चाखून खलाशी अर्धा तास डोलकाठीला धरून उभा होता म्हणतात. या गोष्टीतला खलाशी दर वर्षी थोडा थोडा अधिक रडतो.

परवा पुतण्याच्या लग्नानंतर सगळे अलिबागकडं गेले, तेव्हा भाऊ मुरूडलाही पोचले. राजपुरीहून जंजिऱ्याला अजून शिडाच्या होड्या जातात. भाऊ टोपी सारखी करून नाळेजवळ उभे राहिले आणि वाऱ्याकडं बोट करून होडीवाल्याला सूचना देऊ लागले. त्याचं सारं आयुष्य त्या पाण्यात गेलेलं. "काका, खाली बसा," तो म्हणाला, "होडी कलते."

भाऊ बसले. परतीच्या एस.टी.त मात्र त्यांनी शेजारच्याला बजावलं, "माणूस जाणकार होता. वजनाचा तोल लगेच ओळखला त्यानं."

आता दिवाळीनंतर गल्लीच्या सहलीचं घाटत आहे. हर्णै, सुवर्णदुर्ग, पुढं मालवण, सिंधुदुर्ग. ओट्यावर बैठका होतात. कप्तान नकाशा उलगडतात, आम्ही चिवड्याची किलोवारी ठरवतो. अकरा जणांनी नावं दिली आहेत, पैसे दोघांनी. तारीख मात्र ठरत नाही, कारण सगळे एकदम गेले तर गल्लीत नळाचं पाणी कोण भरणार?

नळ हल्ली रात्री अडीचला येतो. कुणालाच नीट कळत नाही. पाइपात हवा फुसफुसते आणि सगळ्यात आधी भाऊंना जाग येते. टोपी घालून ते अंगणात उभे राहतात आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकतात, "नांगर उचला!"

मागून काकू ओरडतात, "आधी मोटर लावा, मंग काय उचलाचं ते उचला!"