खंडित वहीची प्राणप्रतिष्ठा

पेणला गणपती घडतात आणि रोह्याला मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते. आमच्या आतेभावाची निवृत्ती सध्या या दोहोंच्या मध्ये, कासू-नागोठणे-निडीच्या आसपास कुठंतरी अडकली आहे.

दादा तीस वर्षं विलायतेत होता. तिथलं नागरिकत्व घेतलं, वेळेआधी निवृत्त झाला, पेणला फ्लॅट घेतला आणि वर्षभरात लिफ्टला कंटाळून रोह्याच्या जुन्या घरी आला. इथवर सगळं ठीक. मग पासपोर्टची मुदत संपली आणि नवा आला.

थायलंडमध्ये पन्नाशी गाठलेल्या परक्याने बँकेत 8 लाख बाट दाखवले की निवृत्तीचा मुक्काम मंजूर होऊ शकतो. आपल्याकडे असा व्हिसा नाही. आपल्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. नावात नागरिक आहे, पण मत देता येत नाही आणि भाताचं खाचर विकत घेता येत नाही. (वारशाने आलं तर चालतं. एकूण जावयासारखंच.) पूर्वी या कार्डासोबत पासपोर्टात ‘यू’ व्हिसाचा स्टिकर चिकटवून मिळे. व्हिसा आजन्म, वही दहा वर्षांची! वही संपली की व्हिसा जुन्या वहीत आणि माणूस नव्या वहीत. म्हणून मंडळी दोन्ही वह्यांना रबर बँड लावून विमानतळावर उभी राहत.

त्यात ब्रिटिश सरकार जुन्या पासपोर्टचा कोपरा कापून तो परत देतं. आमच्या पेणला मूर्तीचं नुसतं बोट उडालं तरी ती खंडित, कुणी पाटावर बसवत नाही. दादाची खंडित वही मात्र कपाटात, वहिनीच्या शालूखाली.

खरं तर सरकारने मार्च 2021 मध्येच सांगून टाकलं होतं, की जुना पासपोर्ट जवळ बाळगायची गरज नाही. पाठोपाठ एप्रिलमध्ये नियमही सोपा केला. पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट निघाला की त्याची प्रत आणि ताजा फोटो तीन महिन्यांत संकेतस्थळावर चढवायचा, तोही एकदाच आणि फुकट. दादाला सगळ्यात जास्त संशय या ‘फुकट’चाच आला.

फोटोची पार्श्वभूमी फिकट हवी, पण पांढरी नको. रोह्यातला फोटोवाला म्हणाला, “काका, पासपोर्टचा म्हणजे पांढराच. आम्हाला शिकवू नका.” शेवटी वहिनी मागे फिकट निळी चादर धरून उभ्या राहिल्या. एका फोटोत त्यांची बोटंही आली. सही रुंदीला उंचीच्या तिप्पट हवी, तर दादाची सही उभी, ताडासारखी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्याचे. त्यांच्या सहीवर देशभर नोटा चालल्या. त्याच गावात दादाची सही तीनदा नापास झाली.

अखेर सगळं चढलं. दादा पत्ता बदलायला पेणच्या एका बँकेत गेला. सोबत मी.

“कार्डावर नंबर वेगळा, पासपोर्टवर वेगळा. हे तुम्हीच कशावरून?”

दादाने नियमाचा कागद पुढे केला.

“असलं काही आमच्याकडे आलेलं नाही. जुना पासपोर्ट आणा.”

दादा दिवा-रोहा गाडीने घरी जाऊन दुसऱ्या दिवशी खंडित वही घेऊन आला. साहेबांनी ती उलटीसुलटी केली, कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “अहो, हा तर रद्द झालाय!”

परतताना स्टेशनच्या वाटेवर एका कारखान्यासमोर परदेशी निघालेल्या मूर्तींची खोकी चढवणं चाललं होतं. दादा बराच वेळ बघत राहिला. “याचं बरं आहे,” म्हणाला. “दरवर्षी नवा देह, जुना पाण्यात. आणि कुणी विचारत नाही, तू तोच कशावरून?”

चतुर्थीला रोह्याच्या घरी गुरुजी आले. प्राणप्रतिष्ठेसाठी दूर्वा हातात घेतल्या, तेवढ्यात दादाने पाटाशेजारी दोन्ही वह्या आणून ठेवल्या.

“हे काय?” गुरुजी म्हणाले.

“जाता जाता यातनं त्यात तेवढं करून द्या,” दादा म्हणाला. “दक्षिणा वेगळी देतो.”