भिंतीवर आपटलेलं पुस्तक

कादंबरी वाचता वाचता ती भिंतीवर आपटणाऱ्या वाचकाला खुळ्यात काढणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत. ‘अहो, गोष्टच तर आहे!’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोष्ट आहे म्हणूनच आपटली ना? वर्तमानपत्र कोण आपटतं?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स’ 2000 साली आली आणि अशी पुष्कळ घरांत आपटली गेली. वाचकांची पत्रं कशी येतात ते मार्टिन यांनीच मुलाखतींत सांगितलं आहे. कुणी लिहितं, तुमचं एक अक्षर यापुढे वाचणार नाही. कुणी पुस्तक सरळ शेकोटीत टाकतं आणि पुढे काय झालं या विचाराने चैन पडत नाही म्हणून जाऊन दुसरी प्रत विकत आणतं. मला हा वाचक फार मोठा वाटतो. पदरचे पैसे खर्चून तो आपल्या रागातून परत आला.

रागाचं कारण म्हणजे ते लग्न, ज्याला सगळे ‘रेड वेडिंग’ म्हणतात. सोळा वर्षांचा तरुण राजा रॉब स्टार्क. त्याने वॉल्डर फ्रे नावाच्या खाष्ट म्हाताऱ्याला शब्द दिलेला असतो की तुझ्या घरची मुलगी करीन. तो शब्द मोडून त्याने भलतीशीच लग्न केलं. आता भरपाई म्हणून त्याचा मामा फ्रेंची मुलगी करतो आहे, आणि राजा आईसह सैन्य घेऊन त्या लग्नाला आला आहे. आई, कॅटलिन, जुनी जाणती. पोहोचताच यजमानाकडे खायला माग, असं ती लेकाला आधीच बजावते. कारण त्या जगात पाहुण्याने यजमानाच्या घरचं भाकर-मीठ खाल्लं की त्याच्या जिवाला धक्का लावायचा नाही. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं असतं ते खाणाऱ्याने. तिथे खाऊ घालणाराही तितकाच बांधलेला. रॉब खातो. आणि त्याच रात्री जेवणाच्या दालनात सज्जातून बाण सुटतात.

हे प्रकरण कॅटलिनच्या डोळ्यांनी लिहिलेलं आहे. तिच्या देखत मुलगा मरतो, मग तिचा गळा चिरला जातो, आणि प्रकरण तिथेच तुटतं. पुढचं प्रकरण तिच्या धाकट्या मुलीचं, आर्याचं. ती किल्ल्याच्या बाहेरच आहे, आईला भेटायला निघालेली. मार्टिन वाचकाला श्वास घ्यायलाही उसंत देत नाहीत.

आता खरा मुद्दा. हा धक्का आकाशातून पडलेला नाही. या कथामालेच्या पहिल्या तीन पुस्तकांत रॉबच्या नावाचं एकही प्रकरण नाही. हा राजा आपल्याला कायम दुसऱ्याच्या नजरेतून दिसतो, आणि आपण ते कधी मनावर घेत नाही. या कादंबरीच्या आधीच्या, 1998 सालच्या पुस्तकात डेनेरिस या दुसऱ्या एका पात्राला दृष्टान्त होतो: प्रेतांनी भरलेली मेजवानी आणि सिंहासनावर लांडग्याच्या डोक्याचा मेलेला राजा. लांडगा ही स्टार्क घराण्याची खूण. लग्नाच्या दिवशी रॉबचा पाळीव लांडगा फ्रे मंडळींवर गुरगुरतो. नवरी रडते आहे. वाजंत्री बेसूर वाजवताहेत. ते का बेसूर वाजवताहेत ते नंतर कळतं: ते वाजंत्री नाहीतच, धनुर्धारी आहेत. लेखकाने सगळं समोर मांडून ठेवलं होतं. आपण ते पाहिलं, वाचलं आणि पान उलटलं, कारण नायकाला काही होत नाही ही आपली खात्री होती.

ही खात्री मार्टिन यांच्या आधीच्या अद्भुतकथांनी आपल्याला दिली होती. टॉल्किन यांचा गँडाल्फ मोरियाच्या खोल दरीत कोसळतो आणि दुसऱ्या खंडात परत येतो. रॉब परतत नाही. महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला हे तसं परकं नसावं. युद्ध संपलं असं वाटत असताना अश्वत्थामा रात्री झोपलेल्या छावणीत शिरतो आणि द्रौपदीची पाचही मुलं मारतो. आपल्या आजीने ही गोष्ट सांगताना आपल्याला सावरलं होतं का? नाही. पुढचं सांगितलं.

आणि ज्यांना हे अतिरंजित वाटतं त्यांनी स्कॉटलंडचा इतिहास उघडावा. 1440 साली एडिंबरोच्या किल्ल्यात डग्लस घराण्यातल्या दोन कोवळ्या भावांना बालराजाच्या पंगतीला बोलावून मारलं गेलं. 1692 साली ग्लेंको इथे मॅकडोनाल्ड लोकांच्या घरी पाहुणचार घेणाऱ्या सैनिकांनीच फेब्रुवारीच्या एका पहाटे यजमानांना कापलं. मार्टिन यांनी या दोन्ही घटनांचं ऋण उघडपणे मान्य केलं आहे. तेही लग्नाचं हे प्रकरण लिहायला धजत नव्हते. सगळं पुस्तक संपवून मग शेवटी ते लिहिलं. ज्याला लिहिताना जड गेलं, त्याचंच वाचताना जड जातं. नुसतं दचकवायचं म्हणून पात्र मारणाऱ्या लेखकांनी हे लक्षात घ्यावं.

2 जून 2013 रोजी हाच प्रसंग या पुस्तकांवरच्या दूरदर्शन मालिकेत आला. पुस्तक वाचलेल्यांनी तेरा वर्षं आपल्या माणसांपासून हे गुपित राखलं होतं. ही मोठीच माया. पण त्या रात्री त्यांतल्या अनेकांनी शेजारी बसलेल्याच्या चेहऱ्याकडे कॅमेरा रोखला आणि त्याचं रडणं जगाला दाखवलं. मला ते अजून पटलेलं नाही. आपण एकट्याने रडलो ते खरं, आणि बायकोचं, मित्राचं रडणं ही करमणूक? त्यांच्या शेजारी नुसतं बसायचं होतं.

आणि 2019. मालिका पुस्तकांच्या पुढे गेली होती आणि शेवटाकडे डेनेरिसने शरण आलेलं शहर जाळलं. तेव्हा शेवटचं पर्व पुन्हा बनवा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. त्यांना हट्टी पोरं ठरवण्यात आलं. मी त्यांच्या बाजूचा आहे. माणसं मेली म्हणून ते चिडले नव्हते. याच मालिकेत रॉब मेला, कॅटलिन मेली, तरी त्यांनी पाहणं सोडलं नव्हतं. रॉबने शब्द मोडला होता आणि त्याची किंमत चुकवली, हे रडतारडताही त्यांना समजत होतं. इथे मात्र त्या बाईच्या मनात ती आग कुठून आली, हे दाखवायला कुणी वेळच काढला नव्हता. सहा भागांत सगळं उरकून टाकलं. सह्या करणारे तेवढाच वेळ मागत होते.