दादा सर

आमच्या कॉलेजात सादरीकरण कलेचा सर्टिफिकेट कोर्स निघाला, तेव्हा संस्थाचालकांचा हिशेब साधा होता. तमाशातल्या विठाबाईंचं नारायणगाव हाकेच्या अंतरावर. पोरं ढोलकी धरतील, बतावणी बसवतील, गॅदरिंगची सोय होईल. आले ते हे सर. खांद्याला झोळी, कानात भिकबाळी आणि पहिल्याच तासाला फळ्यावर हातभर अक्षरात : दादावाद. शिपायानं दारातूनच विचारलं, "कोणते दादा?" आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न जरा जपूनच विचारावा लागतो. तेव्हापासून ते दादा सर.

टाळी हा सरांचा शत्रू. प्रेक्षक चिडला पाहिजे, हे त्यांचं पालुपद. १९१६ साली झुरिकच्या 'काबारे व्होल्तेर'मध्ये दादावादी ह्यूगो बाल पुठ्ठ्याच्या नळकांड्यात शिरून अर्थ नसलेली कविता म्हणाला. चालता येईना म्हणून त्याला उचलून रंगमंचावर आणावं लागलं. सरांनी तोच पोशाख द्राक्षाच्या खोक्यांचा केला. छातीवर 'एक्सपोर्ट क्वालिटी'. चार पोरांनी उचलून आणून ठेवलं, कविता झाली, आणि मागच्या बाकावरून एकानं भाव विचारला. "बघा, चिडला!" सर खूश. पोरगा चिडला नव्हता. त्याच्या घरी बाग होती.

मग योझेफ बॉइस. १९७४ साली न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत हा माणूस अंगाला जाड लोकरी नमदा गुंडाळून, हातात काठी घेऊन, कायोट नावाच्या जिवंत रानटी जनावराबरोबर तीन दिवस राहिला. सरांचा आवाज इथं भरून येतो. वर्ग मात्र शांत. शेवटी एकीनं विचारलं, "सर, धनगर होता का तो?" दुसरा म्हणाला, "आमच्या उसात बारा महिने वाघ हाये. पण मधी कुणी तिकीट लावलं न्हाई." बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात.

सरांना हरवणं अवघड. लाइट गेली की अंधार हे माध्यम, एसटी चुकली की प्रतीक्षा हे माध्यम. पगार लांबला तेव्हा मात्र माध्यमबिध्यम न काढता थेट ऑफिसात गेले.

यंदाच्या गॅदरिंगला त्यांनी मारिना अब्रामोविच काढली. २०१० साली ती न्यूयॉर्कच्या संग्रहालयात सातशेहून अधिक तास खुर्चीत नुसती बसली होती. समोर कुणीही येऊन बसावं, बोलायचं नाही. कित्येकजण तिच्यासमोर रडले. सरांनी तीन तास धरले. पटांगणात दोन खुर्च्या, मध्ये टेबल. पोरं लांबून बघून वडापावकडे वळली. बऱ्याच वेळानं नातवाचा डान्स बघायला आलेली एक म्हातारी, गुडघे दुखतात म्हणून, रिकाम्या खुर्चीत टेकली.

तिनं सरांकडे बघितलं. सरांनी तिच्याकडे.

"काय रं बाबा, घरी काय वंगाळ झालंय का?"

सर गप्प.

"बायको बोलत न्हाई का?"

सर गप्प, पण भिकबाळी हलली.

"जेवलास का?"

आता सरांच्या डोळ्यांत पाणी. न्यूयॉर्कला समोरचे रडले होते, आमच्याकडे खुर्चीच फिरली. म्हातारीनं पिशवीतून फडकं काढलं, गाठ सोडली. बाजरीची भाकरी आणि चार मासवड्या. टेबलावर सरकवल्या. सरांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, एक मासवडी उचलली आणि बाविसाव्या मिनिटाला मौन सुटलं :

"आजी, रस्सा नाही आणला?"