पाच वर्षं पर्मनंट

आमच्या रोहण्यात त्याला सगळे स्कॉलर म्हणतात. बी.ए. आर्वीला केलं, ते नागपूर विद्यापीठाचं. एम.ए. अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये, आणि पीएच.डी. त्याच विभागात, फक्त एक जिना चढून. ‘पुण्या-दिल्लीचा फॉर्म काहून नाही भरला?’ असं कोणी विचारलं की म्हणतो, ‘नव्या जागी झेरॉक्सवाल्याकडं उधारी जमायलेच वर्ष जाते, भौ.’

नेट परीक्षेत जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप निघाली त्या दिवशी बापानं बसस्टँडवर दिसेल त्याला चहा पाजला. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे महिन्याला ३७ हजार. दोन वर्षांनी एसआरएफ झालं की ४२ हजार. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता. बापानं तोंडीच हिशेब केला: पोरगं महिन्याला पाच क्विंटल कापूस पिकवते, तोही बोंडअळीबिगर! सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, ‘नोकरी पर्मनंट आहे काय?’ बाप डोळा न लववता म्हणाला, ‘हो ना जी. पाच वर्षं पर्मनंट.’ शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही अशा दिवसांत एवढं उत्तर पुरलं.

पैसे महिन्याच्या महिन्याला येतातच असं नाही. मग मेसवाला, झेरॉक्सवाला आणि सासरा, या क्रमानं उधारी चालते. एरिअर्स एकदम आले की उलट क्रमानं फिटते.

विषय मात्र गावचाच घेतला: ‘पुलगाव-आर्वी नॅरोगेज रेल्वे आणि कापूस व्यापार : एक चिकित्सक अभ्यास’. किलिक निक्सन कंपनीवाल्यांची ही अडीच फुटी रुळांची गाडी १९१७ साली सुरू झाली. रोहण्यालाही स्टेशन होतं. कापूस वाहून वाहून ती बंद पडली. आता तिच्यावर एकटा स्कॉलर बसला आहे, आणि ती तिसऱ्या प्रकरणाला थांबली आहे. दर सहामाही प्रगती अहवालात ‘संदर्भसाहित्याचे संकलन सुरू आहे’ हे वाक्य जसंच्या तसं जातं, खाली तारीख बदलते. डिसेंबरात सरांच्या घरी तुरीच्या शेंगांची पिशवी पोचते. मग संक्रांतीपर्यंत सरही तिसऱ्या प्रकरणाचं नाव काढत नाहीत.

लोक त्याला आळशी म्हणतात. मला ते पटत नाही. जिनिंगमधल्या म्हाताऱ्या हमालांजवळ तासन्‌तास बसून त्यानं मोबाईलवर जे बोलणं टिपून ठेवलंय, ते कुठल्याच कचेरीत सापडायचं नाही. एक आजोबा तर रुईची गाठ कशी पाठीवर घ्यायची हे उठून करून दाखवतात, आणि मागून त्यांची सून ओरडते, ‘बुवा, कंबर जाईन!’ हे सगळं प्रबंधात आलं तर काय बहार होईल! पण ते येणार कसं? प्रबंध सादर झाला की फेलोशिप संपली, आणि पुढे तासिका तत्त्व: शिकवाल त्या तासाचे पैसे, उन्हाळ्यात तेही नाहीत. काम लवकर संपवलं की बेकारी लवकर, हे गणित त्याला कोणत्याही गाईडनं शिकवलेलं नाही. पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, हा नियम तो मारुतीस्तोत्रासारखा म्हणून दाखवतो. फेलोशिप पाचच वर्षं आहे, या ओळीला मात्र त्याला हटकून खोकला येतो.

यंदा त्याचं पाचवं वर्ष लागलं आणि धाकट्या भावाचीही जेआरएफ निघाली. बापानं पुन्हा चहा पाजला. रात्री जेवताना धाकटा भीतभीत म्हणाला, ‘दादा, हैदराबादले जाऊ काय? तिथं या विषयाचे मोठे लोक आहेत.’

स्कॉलरनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. ‘अन् नागपूरची खोली कोन सांभाळन मंग?’